स्थळ

कुपवाडच्या शेडमध्ये इलाही सिकलगारांनी
तवे भिंतीला टेकवून उभे केलेत.
"बघा वैनी, आरामात बघा."
मी पिशवी खाली ठेवली.
जाऊबाई इंदुमती आधीच एकापुढं वाकलेली,
स्वतःचा चेहरा न्याहाळत.
तो स्टेनलेसचा. इतका लखलखीत
की मलाही पदर सारखा करावासा वाटला.
"हा नको," मी म्हटलं,
"पीठ धरून बसतो हा, सोडत नाही,
आपल्या थोरल्या नणंदेसारखा."

दुसऱ्यावर काळा लेप, हात घसरेल असा गुळगुळीत.
आमचं उलथनं लोखंडी, आमचे हात घाईचे.
दिवाळीपर्यंत याची साल निघणार
आणि कुणाच्या तरी पोटात जाणार.
तोही राहू दे.

बीडाचा मात्र ओळखीचा वाटला.
खरबरीत, जड, गप्प.
तापायला वेळ लावील, पण तापला की तापला.
रोज संध्याकाळी गाड्यावर चढवायचा, रात्री उतरवायचा,
दोघी बायका, त्यात एकीची कंबर गेलेली.
सुटला हातून की दोन तुकडे.
मी त्याच्यावरून नुसता हात फिरवला
आणि पुढं झाले.

उरली लोखंडी प्लेट.
"सहा एमएम घ्याल तर पंधरा दिवसात पोट काढंल," इलाहीभाई म्हणाले,
"मधी तेलाचं तळं, कडंला दुष्काळ.
बारा घेतली तर प्लेट तापंस्तोवर
निम्मा सिलिंडर खलास."
मी रुपया काढून वाजवून बघितला.
सहाची टण्ण. बाराची बोललीच नाही.
आठची मध्येच काहीतरी म्हणाली,
आटत्या दुधात पळी तळाला लागते तसं.

मला बघायला आले होते तासगावात.
सतरंजीवर पाच माणसं, पोह्यांच्या बशा.
चालून दाखव म्हणाले. चालले.
सुईत दोरा ओव म्हणाले. ओवला.
किती वेळात तापतेस,
तापल्यावर किती वेळ तशीच राहतेस,
कुठल्या बाजूला कललीयेस,
हे कुणी विचारलं नाही.
मलाही तेव्हा कुठं ठाऊक होतं.

आज मी सगळं विचारलं.
बर्नर तीन, जेट पितळी, प्रत्येकाला वेगळी चावी.
तीन बाजूंनी बोटभर उंच पत्रा,
कारण विश्रामबागच्या आमच्या कोपऱ्यावर
पाच वाजले की वारा येतो
आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत ज्योत खातो.
वाटीभर पाणी ओतून बघितलं.
पन्हळीकडं निघालं, जरा रेंगाळलं, गेलं.
"आता पेटवा," म्हटलं.

पंधरा मिनिटं आम्ही तिघं काही न बोलता
एका रिकाम्या तव्याकडं बघत उभे.
मग मी बोटं भिजवून शिंपडली.
मधले थेंब टुणटुण नाचले.
डाव्या कोपऱ्यातले बसून राहिले,
आणि बसल्या बसल्या सुकले.

इलाहीभाईंनी मान खाली घातली.
"तिसऱ्या बर्नरची आच तिथवर जात नाही.
खोटं कशाला बोलू. परत्येकात असतो एक."
इंदुमतीनं मला कोपर मारलं,
म्हणजे घासाघीस कर.

मी तळवा त्या कोपऱ्यावर धरला.
भाजत नव्हतं. गारही नव्हतं.
रात्री शेवटच्या मिरज गाडीचा कंडक्टर येतो
त्याचा उत्तप्पा इथं थांबेल.
आणि आमचे दोन,
पीठ संपलेलं नसतं पण पाय संपलेले असतात तेव्हाचे.

"कोपरा राहू दे," मी म्हटलं,
"दोनशे मात्र कमी करा."

टेम्पोत तो आडवा, आम्ही दोन्हीकडून धरलेला.
माधवनगरच्या फाटकापाशी इंदुमतीनं हिशेब काढला:
अर्धा कांदा, जाडं मीठ, शेंगतेल,
तीन रात्री घासायचा, तापवायचा, निववायचा,
पहिले दहा डोसे कावळ्याला.
"अकरावा?" मी विचारलं.
तिनं उत्तर दिलं नाही.
तळहात नाकाशी नेऊन
ती लोखंडाचा वास घेत होती.